बेटावरून बेटावर: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा (खान्देशातून निघणाऱ्यांसाठी)

जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार, कुठल्याही गावातल्या टूरवाल्याच्या दुकानात हल्ली जोडसहलींचे फलक दिसतात. श्रीलंका आणि मालदीव एकत्र, मॉरिशस आणि सेशेल्स एकत्र, अंदमान तर नेहमीचंच. दोन बेटांच्या मधल्या प्रवासाबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "दीड तासाचं विमान आहे, दुपारपर्यंत पोहोचाल." दीड तास हे खरंच असतं. पण घरून निघालेल्या माणसाला, विशेषतः सोबत म्हातारे आई-वडील किंवा लहान लेकरं असतील तर, दीड तासाच्या त्या आकड्याचा फारसा उपयोग होत नाही. नवीन बेटावरच्या खोलीत सामान कधी टेकणार, हे त्याला कळायला हवं असतं.

हा हिशेब अवघड नाही. मोबाइलवरचा नकाशा आणि कॅल्क्युलेटर एवढ्यावर तो होतो. पैसे भरण्याआधी तो स्वतः करून पाहावा, मग टूरवाल्याशी बोलताना आपले आकडे आपल्या हातात असतात. खाली कोलंबो ते माले हे मुख्य उदाहरण घेतलं आहे, कारण आपल्याकडून सर्वांत जवळ पडणारी परदेशी जोडी तीच. पण रीत कुठल्याही दोन बेटांना चालेल.

आधी विमानतळ ठरवा

"श्रीलंका ते मालदीव किती अंतर?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. श्रीलंका उत्तर-दक्षिण सव्वाचारशे किलोमीटरच्या वर लांब आहे. मालदीव म्हणजे तर समुद्रात ओळीने पसरलेली शेकडो बेटं. राजधानी मालेजवळचा वेलाना विमानतळ आणि दक्षिण टोकाला अड्डू इथला गान विमानतळ यांच्यात सुमारे ५४० किलोमीटर आहेत. जळगावहून रेल्वेने मुंबईला जातो त्यापेक्षा हे जास्त, आणि तेही एकाच देशात. म्हणून देशाचं नाव बाजूला ठेवून कोणत्या विमानतळावरून उडायचं आणि कोणत्या विमानतळावर उतरायचं ते लिहून घ्या.

आपल्या उदाहरणात निघायचं ठिकाण म्हणजे कटुनायके इथला बंदरनायके आंतरराष्ट्रीय विमानतळ. तिकिटावर कोलंबो लिहिलेलं असलं तरी हा विमानतळ कोलंबो शहराच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर, नेगोम्बो गावाला लागून आहे. उतरायचं ठिकाण म्हणजे मालेशेजारच्या हुलहुले बेटावरचा वेलाना विमानतळ. दोन्ही नावं नकाशात शोधा, धावपट्टीवर बोट दाबून धरा, अक्षांश-रेखांश समोर येतात:

कटुनायके: ७.१८ उत्तर, ७९.८८ पूर्व
वेलाना: ४.१९ उत्तर, ७३.५३ पूर्व

दशांशानंतर दोन आकडे पुरे. त्याने किलोमीटरभराचाच फरक पडतो.

अंतराचा हिशेब

विषुववृत्ताच्या जवळ असण्याचा एक मोठा फायदा आहे. इथे पृथ्वीचा गोलावा हिशेबात फार ढवळाढवळ करत नाही. हजार-दोन हजार किलोमीटरपर्यंत आपण शाळेत शिकलेला काटकोन त्रिकोण चालतो. उत्तर-दक्षिण अंतर ही एक बाजू, पूर्व-पश्चिम अंतर ही दुसरी बाजू, आणि विमानाचा मार्ग हा कर्ण.

उत्तर-दक्षिण बाजू काढायला दोन अक्षांशांतला फरक घ्या आणि ११०.६ ने गुणा. विषुववृत्ताजवळ एक अंश अक्षांश म्हणजे साधारण तितके किलोमीटर. आपल्या उदाहरणात फरक २.९९ अंश, म्हणजे ३३१ किलोमीटर.

पूर्व-पश्चिम बाजूला थोडं जास्त काम आहे. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर एकमेकींपासून सर्वांत लांब असतात आणि ध्रुवांकडे जाताना जवळ येत जातात. म्हणून रेखांशांतला फरक १११.३ ने गुणून पुन्हा एका गुणकाने गुणावं लागतं. हा गुणक म्हणजे दोन्ही ठिकाणांच्या मधल्या अक्षांशाचा कोसाइन. कॅल्क्युलेटरवर तो मिळतो, पण उष्ण कटिबंधासाठी पाचच आकडे पाठ केले तरी भागतं: विषुववृत्तावर १, पाच अंशांवर ०.९९६, दहावर ०.९८५, पंधरावर ०.९६६ आणि विसावर ०.९४०. आपल्या दोन विमानतळांचा मधला अक्षांश साडेपाचच्या पुढे आहे, गुणक ०.९९५ धरू. रेखांशांतला फरक ६.३५ अंश. ६.३५ गुणिले १११.३ गुणिले ०.९९५ म्हणजे ७०३ किलोमीटर.

आता दोन्ही बाजूंचे वर्ग, त्यांची बेरीज आणि वर्गमूळ. उत्तर येतं ७७७. म्हणजे कोलंबो ते माले हवाई अंतर सुमारे पावणेआठशे किलोमीटर. वैमानिक हेच अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तेव्हा आपलं अंतर साधारण ४२० सागरी मैल.

रीत बरोबर आहे का याची खात्री घरच्या अंतरावर करून घ्यावी, म्हणजे आकड्यांवर विश्वास बसतो. जळगाव आहे २१.०१ उत्तर, ७५.५६ पूर्वेला. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्वेला. उत्तर-दक्षिण बाजू २१२, पूर्व-पश्चिम बाजू २८१, कर्ण सुमारे ३५० किलोमीटर. रेल्वेने हेच अंतर ४२० च्या आसपास आहे, कारण रूळ चाळीसगाव, मनमाड, नाशिक अशी गावं घेत जातात आणि कसारा घाट वळणावळणाने उतरतात. सरळ रेषेचं अंतर आणि प्रत्यक्ष वाटेचं अंतर यांतला असा फरक विमानालाही असतो, फक्त बराच कमी. विमानं आखलेल्या हवाई मार्गांवरून जातात आणि धावपट्टीच्या दिशेप्रमाणे वळसा घेऊन उतरतात. काढलेल्या अंतरात थोडी भर पडते ती त्यामुळे.

एका ठिकाणी इथे हमखास घसरायला होतं. एक बेट विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि दुसरं दक्षिणेला असेल तर अक्षांशांची वजाबाकी करायची नाही, बेरीज करायची. माले ४.१९ उत्तर, सेशेल्समधला माहे बेटावरचा विमानतळ ४.६७ दक्षिण. घाईत वजाबाकी केली तर फरक अर्धा अंश निघतो आणि दोन्ही बेटं जवळपास एकाच आडव्या रेषेवर असल्यासारखी वाटतात. खरा फरक ८.८६ अंश, म्हणजे उत्तर-दक्षिण बाजूच ९८० किलोमीटर. पूर्व-पश्चिम बाजू दोन हजारांची. माले ते माहे अंतर येतं सुमारे २,२३० किलोमीटर.

दोन्ही बेटं दक्षिण गोलार्धात असली तर पुन्हा साधी वजाबाकी. मॉरिशसचा विमानतळ २०.४३ दक्षिण, ५७.६८ पूर्व. माहे ४.६७ दक्षिण, ५५.५२ पूर्व. रीत तीच, उत्तर सुमारे १,७६० किलोमीटर.

मुंबई ते मॉरिशससारख्या लांब पल्ल्यासाठी मात्र हातचा त्रिकोण वापरू नये. तिथे पृथ्वीचा गोलावा धरून हिशेब करावा लागतो. विमानतळांचे तीन अक्षरी संकेत घातले की असं अंतर सांगणारी संकेतस्थळं आहेत, ती वापरा. मुंबई ते मॉरिशस अंतर सुमारे ४,७०० किलोमीटर भरतं. मॉरिशसचं नाव निघालंच आहे तर सांगायला हवं की तिथे आपली माणसं आहेत. एकोणिसाव्या शतकात कोकणपट्टीतून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात आणि शाळेत मराठी शिकतात. जाणार असाल तर समुद्रकिनाऱ्यासोबत त्यांच्यासाठीही एक दिवस राखून ठेवा.

किलोमीटरवरून तासांवर

मोठं जेट विमान, म्हणजे एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७, उंचीवर पोहोचल्यावर ताशी ८३० ते ८५० किलोमीटरने जातं. पण सगळा प्रवास त्या वेगाने होत नाही. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, खाली येणं, उतरल्यावर थांब्यापर्यंत जाणं, यात वेळ जातो. म्हणून माझा ठोकताळा असा: अंतराला ८०० ने भागा आणि वर अर्धा तास मिळवा. वेळापत्रकात छापलेल्या वेळेच्या पाच-दहा मिनिटांत उत्तर येतं.

कोलंबो-माले ७७७ किलोमीटर. भागाकार ५८ मिनिटं, अधिक तीस, म्हणजे सुमारे दीड तास. मॉरिशस-माहे १,७६० किलोमीटर, दोन तास बारा मिनिटं अधिक तीस, म्हणजे पावणेतीन तासांच्या आत. मॉरिशस ते शेजारचं फ्रेंच बेट रियुनियन अवघं २३० किलोमीटर. उड्डाणाची सतरा मिनिटं आणि वरचा अर्धा तास धरून पाऊण तास. अंतर कितीही कमी असलं तरी तो अर्धा तास सुटत नाही, हे या शेवटच्या आकड्यातून नीट दिसतं.

हा ठोकताळा जेटसाठीच आहे. बेटांवरच्या धावपट्ट्या पुष्कळदा आखूड असतात आणि तिथे पंख्याची एटीआर विमानं जातात, तशीच जी आपल्या जळगाव विमानतळावर उतरतात. एटीआरसाठी अंतराला ५०० ने भागा आणि वीस मिनिटं मिळवा. मॉरिशसचंच एक लांबचं बेट आहे, रॉड्रिग्ज. अंतर सुमारे ६०० किलोमीटर, एटीआरने वेळ दीड तास. म्हणजे कोलंबो-मालेपेक्षा पावणेदोनशे किलोमीटर कमी असूनही वेळ तेवढाच. त्यामुळे तिकिटावर विमानाचा प्रकार काय लिहिला आहे ते जरूर पाहा.

वाऱ्याची चिंता इथे फार नको. उत्तर भारतातून हिवाळ्यात पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांना उंचावरचा जोरदार पश्चिमी वारा मोठी मदत करतो. विषुववृत्ताजवळ तेवढा जोर नसतो. दीड-दोन तासांच्या उड्डाणात काही मिनिटं इकडे-तिकडे होतील.

घड्याळात एक तास दिसतो, तो दीड असतो

कोलंबोहून दुपारी १२.३० ला सुटणारं विमान मालेत १.३० ला उतरतं असं तिकिटावर दिसलं, तर एका तासाचा प्रवास समजू नका. श्रीलंकेचं घड्याळ भारतासारखंच चालतं, मालदीवचं अर्धा तास मागे आहे. परतीला तेच विमान २.३० ला सुटून ४.३० ला पोहोचताना दिसेल, म्हणजे जणू दोन तास. दोन्ही वेळा खरा वेळ दीडच तास.

मॉरिशस, रियुनियन आणि सेशेल्स तिघांचं घड्याळ एकच आहे, भारताच्या दीड तास मागे. तिघांमधल्या प्रवासात तिकिटावरचा फरक हाच खरा वेळ. अंदमानात घड्याळ भारताचंच, पण सूर्य आपल्या खूप आधी उगवतो आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास अंधारायला लागतं. तिथला दिवस पहाटेपासून मोजावा.

मालदीवमध्ये आणखी एक भानगड आहे. काही रिसॉर्ट आपल्या बेटापुरतं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात, पाहुण्यांना संध्याकाळचं ऊन जास्त मिळावं म्हणून. परतीच्या दिवशी रिसॉर्टने सांगितलेली निघण्याची वेळ बेटाची आहे की मालेची, हे विचारून घ्या आणि कागदावर लिहून ठेवा.

हिशेबाची सोपी पद्धत म्हणजे सगळ्या वेळा आधी भारतीय वेळेत लिहायच्या. बेरीज-वजाबाकी तिथेच करायची. स्थानिक वेळ शेजारी कंसात.

थेट विमान आहे का?

नकाशावर जवळ दिसणारी बेटं विमानाने जवळ असतीलच असं नाही. पोर्ट ब्लेअर, ज्याचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, तिथून कोलंबो सरळ रेषेत सुमारे १,५०० किलोमीटर. थेट विमान असतं तर अडीच तासांच्या आत पोहोचलो असतो. प्रत्यक्षात बहुतेकांना चेन्नईला यावं लागतं. पोर्ट ब्लेअर-चेन्नई सुमारे १,३७५ किलोमीटर, सव्वादोन तास. चेन्नई-कोलंबो ६४५ किलोमीटर, एक तास अठरा मिनिटं. हवेतला वेळ साडेतीन तास. पण चेन्नईला देशांतर्गत उतरून, सामान घेऊन, आंतरराष्ट्रीय टर्मिनलवर नव्याने नोंदणी आणि इमिग्रेशन करायचं, यासाठी मध्ये चार तास तरी ठेवावे लागतात. विमानाच्या वेळा जुळल्या नाहीत तर एक रात्र मुक्काम. दीड हजार किलोमीटरसाठी पूर्ण दिवस मोडतो.

म्हणून सहल ठरवताना तीन गोष्टी विचारा. थेट विमान आठवड्यातून कोणकोणत्या दिवशी आहे? बेटांमधली कित्येक विमानं रोज नसतात आणि मोसमाप्रमाणे दिवस बदलतात. थेट नसेल तर बदल कुठे आहे? आणि सर्वांत महत्त्वाचं, दोन्ही तिकिटं एकाच आरक्षणात आहेत की वेगवेगळी?

या शेवटच्या प्रश्नावर मी थोडा जास्त थांबतो, कारण पैसे इथेच बुडतात. एकाच आरक्षणात दोन्ही विमानं असली आणि पहिलं उशिरा पोहोचलं, तर पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीची असते. सामानही सहसा थेट शेवटच्या ठिकाणी जातं. दोन वेगळी तिकिटं घेतली तर पहिल्या विमानाच्या उशिराशी दुसऱ्या कंपनीचा काही संबंध नसतो. विमान सुटलं की तिकिट गेलं. शिवाय मधल्या देशात इमिग्रेशन करून सामान घ्यायला बाहेर यावं लागतं, म्हणजे त्या देशाची प्रवेश-परवानगीही लागते. मालदीवला जाताना कोलंबोत फक्त विमान बदलायचं आहे असं म्हणून श्रीलंकेची ऑनलाइन परवानगी न काढता वेगळी तिकिटं घेतली, तर मुंबईच्या काउंटरवरच अडवलं जाण्याची पाळी येऊ शकते. हजार-दोन हजार वाचवायला वेगळी तिकिटं घ्यायची असतील तर मध्ये किमान चार-पाच तास ठेवा. वयस्कर माणसं सोबत असतील तर मी सरळ एकाच आरक्षणाचा आग्रह धरेन.

हिशेब उलटा करा: शेवटच्या होडीपासून पहिल्या गाडीपर्यंत

या लेखातला सर्वांत कामाचा भाग हाच आहे. आपण सगळे प्रवास आखतो तो घरापासून पुढे. जळगावहून कोणती गाडी, मग कोणतं विमान, मग पुढचं पुढे. बेटाच्या प्रवासात हा क्रम फसतो, कारण शेवटचा टप्पा सर्वांत आडमुठा असतो. बेटावर रात्री बाराला रिक्षा मिळत नाही. विमानतळाच्या बेटावरून मुक्कामाच्या बेटावर नेणारी होडी किंवा समुद्री विमान ठरलेल्या वेळेनंतर बंद होतं. म्हणून सुरुवात तिथून करायची.

मालदीवमध्ये लांबच्या रिसॉर्टवर ट्विन ऑटर जातीची समुद्री विमानं नेतात. ती पाण्यावरून उडतात, पाण्यावरच उतरतात, आणि फक्त दिवसाउजेडी चालतात. दुपारी चारच्या सुमारास शेवटची उड्डाणं होतात. मालेत साडेतीननंतर उतरलात तर रात्र मालेत किंवा विमानतळाजवळच्या हॉटेलात काढावी लागण्याची शक्यता मोठी, आणि रिसॉर्टच्या त्या रात्रीचे भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. या विमानांची नेमकी वेळ बहुधा आदल्या संध्याकाळी कळते, आणि विमानतळावर तासभर किंवा त्याहून जास्त थांबावं लागणं नेहमीचं आहे. सामानाची मर्यादाही मोठ्या विमानापेक्षा कमी असते, वीस किलो आणि हातातलं पाच किलो धरून चला. पापड, शेव, लसणाची चटणी यांच्या पिशव्या त्यात बसवा.

जवळच्या बेटांना स्पीडबोट असते आणि ती अंधारातही चालते. माफुशीसारखी स्थानिक वस्तीची बेटं मालेपासून पाऊण तासात गाठता येतात. तिथे घरगुती पद्धतीची गेस्ट हाउसं आहेत आणि खर्चही रिसॉर्टच्या मानाने फारच कमी. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला, विमान संध्याकाळी पोहोचत असेल तर, मी स्पीडबोटचं बेटच सुचवेन.

आता प्रत्यक्ष उलटा हिशेब. समुद्री विमान मालेच्या वेळेने दुपारी ३.३० ला पकडायचं आहे. त्याआधी तासभर थांबण्यासाठी आणि तासभर इमिग्रेशन व सामानासाठी. म्हणजे मोठं विमान १.३० ला उतरायला हवं, भारतीय वेळेने २.०० ला. दीड तास मागे गेलो की कटुनायकेहून उड्डाण १२.३० ला. तीन तास आधी विमानतळावर, म्हणजे ९.३० ला. नेगोम्बोत मुक्काम असेल तर ९ ला निघालं तरी चालतं. पण टूरवाल्याने आदली रात्र कँडीला ठेवली असेल तर तिथून विमानतळ शंभर किलोमीटरच्या वर, रस्ता डोंगराळ, साडेतीन तास धरावे लागतील. पहाटे पाचला उठवून म्हाताऱ्यांना गाडीत घालावं लागेल. श्रीलंकेतली शेवटची रात्र नेगोम्बोलाच ठेवा, हा आग्रह इथून येतो.

पुढे समुद्री विमानाची चाळीस मिनिटं. रिसॉर्टच्या धक्क्यावर मालेच्या वेळेने ४.१० ला, आपल्या वेळेने ४.४० ला. सकाळी नऊला नेगोम्बोचं हॉटेल सोडलं होतं. दारापासून दारापर्यंत सात तास चाळीस मिनिटं, त्यात कोलंबो-माले विमान दीड तासाचं.

आणि घर ते पहिलं बेट

हाच उलटा हिशेब मुंबईपर्यंत आणि मग आपल्या गावापर्यंत आणायचा. मुंबई-कोलंबो अंतर १,५२० किलोमीटर, वेळ दोन तास पंचवीस मिनिटं. मुंबई-माले १,६५० किलोमीटर, अडीच तासांच्या थोडं वर. उदाहरणादाखल कोलंबोचं विमान पहाटे तीनचं धरू. विमानतळावर मध्यरात्री बाराला पोहोचायचं. दादरला उतरून टॅक्सीने सहारच्या टर्मिनलवर जायला, मुंबईची गर्दी धरून, एक तास. जेवणाला एक तास. गाडी रात्री दहापर्यंत दादरला लागायलाच हवी.

आता गाडी लेट होणं. जळगाव-मुंबई प्रवास गाडीप्रमाणे सहा ते आठ तासांचा. पावसाळ्यात कसारा घाटात दरड आली किंवा मुंबईत रुळांवर पाणी साचलं तर दोन-तीन तास सहज जातात. म्हणून दुपारी दोनची गाडी हिशेबात बसत असली तरी सकाळी अकरा-बाराच्या सुमाराची घ्या. सकाळी अकराला घर सोडलं, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा-सातला नेगोम्बोच्या हॉटेलात पाय ठेवला, असे वीस तास होतात. त्यातले हवेतले अडीच.

धुळेकरांना रेल्वेपेक्षा मुंबई-आग्रा महामार्ग सोयीचा. नाशिकमार्गे सहा-सात तास, पण कसाऱ्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याच्या कोंडीसाठी आणखी दीड तास राखून ठेवा. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडच्या लोकांना तापी खोऱ्यातून सुरतमार्गे जाणाऱ्या गाड्या आहेत. त्या पश्चिम रेल्वेने मुंबईत शिरतात, तेव्हा बोरिवली किंवा अंधेरीला थांबा असेल तर दादरपर्यंत जायची गरज नाही, विमानतळ तिथूनच जवळ पडतो. जळगावहून विमानाने मुंबई गाठायचा विचार असेल तर त्या आठवड्याचं वेळापत्रक पाहून घ्या, आणि विमान रद्द झालं तर संध्याकाळच्या कोणत्या गाडीने जाता येईल तेही आधीच ठरवून ठेवा.

ऋतू

कोणत्या महिन्यात जाणार यावर हिशेबातली राखीव वेळ ठरते. मालदीवमध्ये मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वारे असतात. समुद्र खवळलेला असला की स्पीडबोट हळू जाते आणि समुद्री विमानं थांबवली जातात. कोलंबोच्या बाजूला मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस जास्त. जानेवारी ते मार्च दोन्हीकडे हवा चांगली, आणि आपल्याकडे तो लग्नसराईच्या आधीचा काळ, त्यामुळे सुट्टी मिळत असेल तर तोच घ्या.

मॉरिशसची गोष्ट वेगळी. चक्रीवादळं विषुववृत्ताच्या अगदी जवळ सहसा तयार होत नाहीत, त्यासाठी पाच अंशांपलीकडे जावं लागतं. माले आणि माहे त्यामुळे बहुतेक सुरक्षित पट्ट्यात आहेत. मॉरिशस आणि रियुनियन वीस अंशांवर, म्हणजे थेट वादळांच्या वाटेवर. तिथला वादळांचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल, त्यातही जानेवारी-मार्च जोराचा. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळ आलं तेव्हा मॉरिशसचा विमानतळ बंद ठेवावा लागला होता. या महिन्यांत मॉरिशसहून दुसऱ्या बेटावर आणि तिथून लगेच मुंबईला असं घट्ट विणलेलं वेळापत्रक करू नका. मध्ये एक मोकळा दिवस हवाच.

परतीचा कागद

परतीचा हिशेब बहुतेक जण करतच नाहीत, आणि शेवटच्या दिवशी धावपळ होते. इथे क्रम सुलटा, पण अडचण तीच. समुद्री विमानं उजाडल्यावर सुरू होतात. मालेहून सकाळी आठचं विमान असेल तर त्या सकाळी रिसॉर्टहून पोहोचणं शक्य नाही, आदल्या दुपारीच निघून मालेत रात्र काढावी लागते. म्हणून मालेहून निघणारं विमान दुपारी बाराच्या पुढचं निवडा. साडेबाराला सुटलं तर मुंबईत भारतीय वेळेने पावणेचारच्या आसपास उतरेल. इमिग्रेशन, सामान, कस्टम्स यांना दीड तास. सव्वापाचला बाहेर. संध्याकाळच्या गर्दीत दादर किंवा ठाण्याला पोहोचायला दीड-दोन तास. रात्री नऊनंतर सुटणाऱ्या गाडीचं आरक्षण करा, सातच्या गाडीचं नको. जळगाव किंवा भुसावळला पहाटे उतराल, आणि स्टेशनवर घ्यायला कोण येणार ते मालेहून निघण्याआधीच घरी फोन करून ठरवून ठेवा, कारण मुंबईत उतरेपर्यंत मोबाइल चालेलच असं नाही.